मेळघाट: नाल्यापलीकडच्या ढाण्यांतली (वस्त्यांतली) पावसाळ्यातली बाळंतपणं. मे महिन्यात काय तयारी करावी?

नालापार
गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीत आहे. दोन ढाणे नाल्यापलीकडे आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये रस्ता तुटतो, रेंज नसतेच. आत्ताच काय करून ठेवायचं? आणि जननी शिशू सुरक्षा या सरकारी कार्यक्रमात नेमकं काय मोफत, तेही सांगा.

उपकेंद्र_सिस्टर
दादा, आधी तारखांची यादी. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात ९ महिने ७ दिवस मिळवायचे. १५ जून ते ३० सप्टेंबरला बाळंत होणाऱ्यांची ती पाळी ८ सप्टेंबर ते २३ डिसेंबरच्या दरम्यान येते, म्हणजे मे महिन्यात सगळ्या नावानिशी सापडतात. तारीख आठवत नसेल तर "दिवाळीच्या आधी की नंतर?" असं विचारा आणि अंदाजातली सर्वांत आधीची तारीख धरा. उशिराची धरली की गाडी चुकते. बाहेरगावी मजुरीला गेलेल्यांनाही यादीत घ्या. त्या पेरणीला परततात आणि तपासणीविनाच राहतात. त्यांचं माता-बाल कार्ड सोबतच असू द्या.

यादीतल्या प्रत्येकीचं हिमोग्लोबिन मे महिन्यातच तपासा. ११ च्या खाली पंडुरोग. ७ च्या खाली असेल तर गोळ्यांवर विसंबू नका, रुग्णालयात पाठवा. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेतली की लोह अंगी लागत नाही, दोन वेगळ्या जेवणांनंतर द्या. सिकलसेलची तपासणीही करून घ्या. आजार निघाला तर लोह डॉक्टरांना विचारूनच.

मग माहेरघर, म्हणजे बाळंतपणाआधी आरोग्य केंद्रात येऊन राहायची सोय. एरवी चार-पाच दिवस आधी नेतात. तुमच्याकडे नाला आहे, तर दोन आठवडे आधी न्या. बाई नकार देते ती बहुधा घरच्या लहान पोरामुळे. त्याला आणि सोबतीच्या बाईला बरोबरच न्यायचं, हे घरच्यांशी आधीच बोलून ठेवा.

कागद_पक्का
जननी शिशू सुरक्षा हा १ जून २०११ पासूनचा कार्यक्रम आहे. सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, सगळं मोफत. आहार साध्या प्रसूतीला ३ दिवस, सिझेरियनला ७ दिवस. घरून दवाखाना, तिथून मोठा दवाखाना आणि परत घर, तिन्ही फेऱ्या मोफत. आजारी बाळालाही वर्षभरापर्यंत हेच लागू.

फसतं कुठे? परतीच्या गाडीत. सुट्टी मिळाल्यावर मागितली तर १०२ ची मोफत रुग्णवाहिका दुसरीकडे गेलेली असते. आदल्या संध्याकाळीच सांगा. दुसरं म्हणजे आहार फक्त बाळंतिणीला मिळतो. सोबतच्याला उपाशी राहावं लागतं, म्हणून ४८ तास थांबायचं सोडून लोक दुसऱ्या दिवशीच निघतात, आणि रक्तस्रावाचा धोका नेमका त्याच काळात असतो. सोबतच्याच्या शिध्याची सोय आधी करा. बाळंतपणाच्या सरकारी अनुदानाचं खातं बाईच्याच नावावर आणि आधारशी जोडलेलं हवं. माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर, यातच पैसे अडकतात.

नालापार
बाळ घरी आल्यावर? आशाताई नाल्याअलीकडे राहतात.

उपकेंद्र_सिस्टर
भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीही. पूर आला की ३ आणि ७ हुकतात, आणि नेमक्या त्याच सर्वांत मोलाच्या. म्हणून ढाण्यातल्याच एका बाईला चार खुणा शिकवून ठेवा: दूध ओढत नाही, अंग गार लागतं, बरगड्यांखाली खड्डा पडतो, मिनिटाला श्वास ६० किंवा जास्त. बाळ शांत असताना पूर्ण मिनिट मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चारपट नाही. वजनाआधी काटा झोळीसकट शून्यावर आणा, नाहीतर १७०० ग्रॅमचं बाळ १९०० दिसतं. १८०० च्या खाली थेट दवाखाना, वाटेत आईच्या उघड्या छातीशी बांधून.

बाळाचं पोट फुगलं की डंबा देतात, म्हणजे पोटाला तापल्या लोखंडाचे चटके, ते "अडाणी" म्हणून थांबत नाही. भुमकाला (गावच्या पारंपरिक वैदूला) बैठकीला बोलवा आणि या चार खुणा त्यालाही सांगा. लोक आधी त्याच्याकडेच जातात.

कागद_पक्का
आणि समितीच्या अबंधित निधीतून (ठरावीक कामाला न बांधलेल्या पैशातून) अडीअडचणीला खासगी जीपचं भाडं देण्याचा ठराव याच बैठकीत घ्या. जीपवाला नाल्याच्या कोणत्या काठावर राहतो, तेही बघा.