इम्युनोथेरपी चालू आहे, बाबा बोलायचेच थांबलेत. मदत हवी आहे

राजेंद्रनगरकर
बाबांना (वय ७१) फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, चौथी स्टेज. इम्युनोथेरपी चालू आहे. मार्चमधल्या स्कॅनमध्ये गाठ लहान झालेली दिसली, घरात सगळ्यांना हायसं वाटलं. आणि तिथून पुढे बाबांनी बोलणंच टाकलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. इथल्या सानंद संस्थेचं एकही नाटक न चुकवणारा माणूस, आता टीव्हीसुद्धा बंद करा म्हणतो. कालनिर्णयवर रोज दुधाचा हिशेब लिहायचे, एप्रिलच्या मध्यापासून चौकोन कोरे आहेत. इंदूरमध्ये मराठीत बोलणारं कुणी समुपदेशक माहीत आहे का? लवकर सांगा, प्लीज. आईचा धीर सुटत चाललाय.

शुभांगी_बडोदे
औषधाचं नाव काय? डोस किती झाले? भूक, झोप, पोट कसं आहे? आणि बाबांना आजाराचं नाव माहीत आहे का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

निसर्गवाट
ताई, समुपदेशक वगैरे नंतर बघा. माझ्या मामांना गुळवेल आणि अश्वगंधा दिली, महिन्याभरात हिंडू-फिरू लागले. प्रतिकारशक्ती वाढली की मनही उभारी धरतं.

शुभांगी_बडोदे
कृपा करून असं सुचवू नका. इम्युनोथेरपीत प्रतिकारशक्तीचे ब्रेकच काढलेले असतात. त्या पेशी कॅन्सरवर तुटून पडतात तशा स्वतःच्या थायरॉइडवर, आतड्यावर, फुफ्फुसावरही उलटू शकतात. त्यात भर घालणारं काहीही डॉक्टरांना न विचारता द्यायचं नाही. मामांना इम्युनोथेरपी चालू होती का?

निसर्गवाट
नाही, किमो होती. पण बरं वाटलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

विनायककाका
वय ७१ आहे ना? मग सरकारी आरोग्य विम्याचं आयुष्मान वय वंदना कार्ड आधी काढा. ७० वर्षांपासून पुढे उत्पन्नाची अट नाही, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. तुमचं औषध त्यात बसतं का, ते रुग्णालयात विचारून घ्या. आम्हाला फार उशिरा कळलं.

राजेंद्रनगरकर
काका, पैशांची सोय झालीय, प्रश्न तो नाहीये. शुभांगीताई, पेम्ब्रोलिझुमॅब, २०० मिलीग्रॅम, दर ३ आठवड्यांनी. ५ डोस झाले. भूक नाही, पोट साफ होत नाही, आवाज जड झालाय. मे महिन्यात स्वेटर घालून बसतात, पंखा लावू देत नाहीत. मला वाटलं अशक्तपणा असेल. बाबांना 'फुफ्फुसात गाठ आहे' एवढंच सांगितलंय. आईने शपथ घातलीय, कॅन्सर हा शब्द काढायचा नाही.

ओंकार_ग्वाल्हेर
स्वेटर वाचून थांबलो. माझ्या आईला किडनीच्या कॅन्सरसाठी निवोलुमॅब, म्हणजे याच प्रकारचं औषध चालू होतं. ती अशीच गप्प झाली. आम्ही दोन महिने 'खचलीय' म्हणत बसलो, मनोविकाराच्या गोळ्याही झाल्या. मग एका ज्युनिअर डॉक्टरने तिचा हात हातात घेतला, तो थंड आणि खरखरीत लागला. थायरॉइड पार बसलं होतं.
बाबांना सुरुवातीच्या डोसनंतर छातीत धडधड, हात थरथरणं असं काही झालं होतं का? पुष्कळदा आधी ग्रंथीतलं हॉर्मोन रक्तात सांडतं आणि मग ग्रंथी थकते. डॉक्टरांशी बोलून उद्याच टीएसएच, फ्री टी-४ (दोन्ही थायरॉइडच्या रक्ततपासण्या) आणि सकाळी ८ च्या सुमाराचं कॉर्टिसोल (अॅड्रिनल ग्रंथीचं हॉर्मोन) करून घ्या. कॉर्टिसोल सोडू नका. ते कमी असताना थायरॉइडची गोळी आधी सुरू केली तर पेशंट कोसळू शकतो. चक्कर, उलट्या, बीपी खाली असं झालं तर थेट इमर्जन्सीत जा आणि 'इम्युनोथेरपी चालू आहे' हे सगळ्यात आधी सांगा.

वासंती_देवास
तपासण्या कराच, पण सगळं थायरॉइडवर ढकलू नका. माझ्या यजमानांचे रिपोर्ट नॉर्मल होते. चांगला स्कॅन आला त्या रात्री ते रडले. म्हणाले, "जायची तयारी केली होती. आता थांबायचं, पण किती, ते कुणी सांगत नाही." हे औषध लागू पडलं तर काहींना वर्षानुवर्षं साथ देतं, पण कुणाला किती ते आधी कळत नाही. पुढच्या स्कॅनला पुन्हा तीच धाकधूक. घर आनंदात असताना स्वतःची भीती माणूस बोलणार कुणाशी? आणि बाबांना नाव माहीत नाही हे कशावरून? औषध चढवतात त्या डे-केअरच्या दारावर कॅन्सरची पाटी असते.

विनायककाका
नाव सांगू नये. आमच्या दादांना सांगितलं आणि त्यांनी अन्न सोडलं.

वासंती_देवास
काका, तुम्ही भोगलंय, मी खोटं म्हणत नाही. पण एकदम सांगून मोकळं व्हायचं नसतं. "तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?" एवढं विचारायचं आणि गप्प राहायचं. ते विचारतील तेवढंच सांगायचं.
राजेंद्रनगरकर, तुमच्या डॉक्टरांकडून पॅलिएटिव्ह केअरच्या तज्ज्ञांसाठी चिठ्ठी घ्या. ते फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसतात, मन, झोप, घरच्यांची घालमेल, सगळं बघतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, आईही बोलू शकते. 'सुटलो तर बरं' असं काही बाबा बोलले, तर मात्र एक दिवसही थांबू नका.

राजेंद्रनगरकर (६ दिवसांनी)
टीएसएच ६४ आलं, म्हणजे फार जास्त, फ्री टी-४ अगदी कमी. थायरॉइडच बसलंय. कॉर्टिसोल ठीक आहे. दुसऱ्या डोसनंतर धडधड झाली होती, आम्ही चहा कमी करायला सांगून विषय मिटवला होता. ते आता फार लागतंय मनाला. गोळी कालपासून सुरू झाली. फरक पडायला काही आठवडे लागतील, दीड महिन्याने पुन्हा तपासणी. इम्युनोथेरपी थांबवायची नाही, असं डॉक्टर म्हणाले.
वासंतीताई, काल रात्री आई झोपल्यावर तुम्ही सांगितलंत तसं विचारलं. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "माझ्या शेजारच्या खुर्चीत एक पोरगा बसायचा. चौथ्या डोसला आला नाही, पाचव्यालाही नाही. त्याचं काय झालं ते विचारून ये, आणि मला खरं सांग."
सोमवारी जातेय. आईला अजून काही बोलले नाही. मराठीत बोलणारं कुणी कळलं तर कृपया इथेच लिहा.