टायमिंग चेन वाजतेय, तरी बायकोला मागे बसवून माळशेज?

कोलशेतकर
काल इथे एकाची पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. पोस्ट थोडक्यात अशी: मोटारसायकल जुनी, सकाळी सुरू केली की डाव्या बाजूने, मॅग्नेटकडून (वीज तयार करणाऱ्या भागाकडून) कडकड आवाज येतो. गरम झाल्यावर कमी होतो. मेकॅनिक म्हणाला टायमिंग चेन (इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारी साखळी) लांबलीय, तिला ताणून धरणारा टेन्शनर संपलाय, पण "चालतंय तोवर चालवा". आणि हे महाशय रविवारी मिसेसना मागे बसवून माळशेजला निघालेत. वर आपल्यालाच सल्ला, की आवाजाला घाबरणाऱ्यांनी एसटीने फिरावं.

अहो, मागच्या चाकाची चेन बिघडायच्या आधी सांगते. लटकते, कव्हरला घासते, रोज डोळ्यांसमोर असते. ही इंजिनच्या पोटात आहे. ६,००० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) एकेक व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाची झडप, सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि पिस्टन वर यायच्या आत मिटतो, तो फक्त त्या साखळीच्या भरवशावर. साखळी चक्रावर एक दात सरकली तर गाडी पिकअप सोडते, स्टार्ट व्हायला त्रास देते. तिथवर ठीक. जास्त सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो आणि इंजिन चालू गाडीत अडकू शकतं. घाटात, पावसात, मागे माणूस बसलेलं असताना. तिने आवाज केला हीच तिने दिलेली सूचना. यापुढे दुसरी मिळेलच असं नाही.

वाघबीळ_रायडर
ती पोस्ट माझी. मी मदत मागितली नव्हती, रूट विचारला होता. मुरबाडनंतर रस्ता कसा आहे, टोकावड्याच्या पुढे पेट्रोल मिळतं का, एवढंच. त्यावर एकानेही उत्तर दिलं नाही, सगळे डॉक्टर होऊन बसले.

थंड इंजिनात ऑइल वर चढेपर्यंत दोन-तीन सेकंद आवाज करणाऱ्या हजारो गाड्या ठाण्यात फिरतात. त्यांच्यावर कुणी धागे काढत नाही. आणि कमकुवत जागा नसलेली एक गाडी दाखवा मला. कुणाचा कोनसेट (हँडलचं बेअरिंग) जातो, कुणाची क्लच प्लेट, कुणाची वायरिंग पावसात भिजते. सगळं शंभर टक्के व्हायची वाट पाहिली तर पावसाळा संपेल.

गॅरेजवाल्याचा_मुलगा
दादा, ऑइल चढेपर्यंतचा आवाज हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या, टेन्शनरवाल्या गाडीत. तुम्ही पोस्टमध्ये जो टेन्शनरचा फोटो टाकलाय तो स्प्रिंग आणि रॅचेटचा, म्हणजे दातेरी दांडा एकेक दात पुढे सरकून अडकणारा, आहे. त्याला ऑइलच्या दाबाशी देणंघेणं नाही. त्याचा दांडा पूर्ण बाहेर आला की पुढे ढकलायला काही उरत नाही, मग चेन मोकळी. तुमच्या फोटोत दांडा शेवटच्या दातावर आहे, मोठा करून बघा.

बाबांच्या गॅरेजमध्ये गेल्या महिन्यात असंच एक इंजिन खोललं. गाइडच्या (चेन जिच्यावरून सरकते त्या पट्टीच्या) रबरावर चेनने दोन चरी पाडल्या होत्या, इतक्या खोल की नख अडकत होतं. खालचा तुकडा तुटून ऑइलच्या जाळीपर्यंत गेला होता. मालक म्हणत होता आवाज तर गरम झाल्यावर जायचा. आवाज गेला म्हणजे झीज गेली असं होत नाही.

कळवा_जुना
मी दोन-स्ट्रोकच्या काळातला माणूस. जुन्या रस्त्याने खोपोलीहून बोरघाट चढताना तापून पिस्टन पकडायचा, जाम व्हायचा. क्लच दाबायचा, बाजूला घ्यायची, विडी होईपर्यंत थांबायचं, किक मारायची, पुढे. हल्लीच्या पोरांना इंजिन लाइट लागली तरी घाम फुटतो. आणि मेकॅनिक चालवा म्हणतोय तर त्याच्यापेक्षा शहाणे तुम्ही कोण?

कोलशेतकर
काका, दोन-स्ट्रोकमध्ये असे व्हॉल्व्ह नव्हते, ते उघडणारा कॅम नव्हता, टायमिंग चेनच नव्हती. पकडलेला पिस्टन थंड झाल्यावर सुटायचा. वाकलेला व्हॉल्व्ह थंड होऊन सरळ होत नाही. तुमचा अनुभव खरा, पण तो या बिघाडाला लागू नाही.

डिलिव्हरी_ऐरोली
तुम्हा सगळ्यांची गाडी रविवारची आहे. माझी पोटाची आहे. ऐरोली ते घणसोली, रबाळे, कोपरखैरणे, दिवसभर तीच. मॅग्नेट काढून चेन, दोन्ही गाइड आणि टेन्शनर बदलायला गॅरेजवाला दोन दिवस गाडी ठेवतो. त्या दोन दिवसांची कमाई गेली, वर बिल. माझ्या गाडीला पण असाच आवाज आहे आणि मी चालवतोय, कारण हप्ता थांबत नाही. तुम्ही मला पण मूर्ख म्हणणार का?

कोलशेतकर
नाही म्हणणार. तुम्ही एकटे, चाळीसच्या वेगात, दर किलोमीटरला गॅरेज असलेल्या रस्त्यावर. इंजिन बंद पडलं तर ढकलत न्याल. तुमची अडचण खरी आहे. हौसेच्या ट्रिपला ती अडचण लावू नये.

नेरुळ_स
मी मागे बसणारी आहे, मला बोलू द्या. आमच्या ह्यांनी गाडीचा असाच काहीतरी दोष महिनाभर लपवला होता. सायन-पनवेल हायवेला खारघरच्या अलीकडे गाडी एकदम हिसका देऊन बंद पडली, मागून डंपर. काही झालं नाही. पण बाजूला उभं राहिल्यावर हे म्हणाले, "वाटलंच होतं मला." वाटलं होतं, तर बसण्याआधी मला का नाही सांगितलं? मी बसले असते का नसते, ते मी ठरवलं असतं. तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारते आणि मग बसते.

वाघबीळवाल्या दादांनी वहिनींना मेकॅनिक काय म्हणाला ते सांगितलंय का? एवढंच विचारतेय.

वाघबीळ_रायडर
आमच्या घरातलं इथे काढू नका. ती माझ्यासोबत माझ्याइतकीच हौसेने येते.

नेरुळ_स
हौस विचारली नाही. माहीत आहे का, ते विचारलं.

कासारवडवली_त्रस्त
तुम्ही इंजिनच्या पोटातलं बोलताय, मी पोटाखालचं बोलतो. वाघबीळहून माळशेजला पोचायचं म्हणजे आधी कापूरबावडी, माजिवडा पार करा. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम, त्यात सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात घ्यायचं खोदकाम. गाडी नवी असली तरी या रस्त्यावर कोनसेट आणि शॉकअप जातात. कारण रस्ता आहे, आणि दोष मात्र रायडरच्या गाडीला.

गॅरेजवाल्याचा_मुलगा
खड्ड्याने टायमिंग चेन लांबत नाही. उशिरा बदललेल्या ऑइलने झिजते. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कासारवडवली_त्रस्त
पण ट्रॅफिकने झिजते ना? तास-तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन तापत उभं. किलोमीटर कमी दिसतात, इंजिन मात्र तासन्‌तास फिरलेलं असतं. गायमुख घाटाची दुरुस्ती निघाली की तर विचारूच नका.

गॅरेजवाल्याचा_मुलगा
हे मान्य. आमच्याकडे घोडबंदरच्या गाड्यांचं ऑइल मीटरवर बघून नाही, रंग बघून बदलतो.

डिलिव्हरी_ऐरोली
ठाणे-बेलापूर रोड त्यामानाने बरा.

कासारवडवली_त्रस्त
बरा असणारच. न्हावाशेव्याहून गुजरातला जाणारे ट्रेलर तुमच्या दारातून जात नाहीत, आमच्या गायमुखातून जातात.

डिलिव्हरी_ऐरोली
दारातून जात नाहीत? शिळफाट्याला, महापेला या एकदा संध्याकाळी. रडायचा मक्ता फक्त ठाण्याने घेतलाय का?

कळवा_जुना
मुंब्रा बायपास विसरलात दोघेही. कंटेनर उलटला की कळवा बंद. तिसरा पूल झाला, तरी संध्याकाळी साकेतला जायचं धाडस होत नाही.

कोलशेतकर
रस्त्यासाठी वेगळा धागा काढा, मी पण लिहीन. पण त्याच रस्त्यामुळे माझं म्हणणं पक्कं होतं. मुंब्रा बायपासला बाजूला घ्यायला जागा नाही. तिथे इंजिन अडकलं तर मागचं चाक लॉक होतं आणि एबीएसचा उपयोग नाही, कारण चाक ब्रेकने धरलेलं नसतं, इंजिनने धरलेलं असतं. लगेच क्लच दाबला तर चाक सुटतं. मागे माणूस, पाठीवर बॅग, पावसाने ओला रस्ता, अशा वेळी कितीजणांना ते सुचेल?

कायदा_बेलापूर
मोटार वाहन कायद्याचं कलम १९० वाचा. धोकादायक दोष माहीत असताना, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता अशा वेळी, गाडी चालवली तर १,५०० रुपयांपर्यंत दंड. त्या दोषामुळे अपघात होऊन कुणाला इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. मेकॅनिकने तोंडी सांगितलं म्हणजे "माहीत नव्हतं" म्हणायची सोय गेली. इथे तर तुम्ही लिहून ठेवलंय.

वाघबीळ_रायडर
आता तुरुंगात पण घातलंत. माझ्या पोस्टचा पुरावा करणाऱ्यांनी आधी या शहरातल्या रिक्षांचे आणि पाण्याच्या टँकरचे ब्रेक तपासावेत. तिथे कलम आठवत नाही कुणाला.

कायदा_बेलापूर
टँकरचं म्हणणं बरोबर आहे. त्याने तुमची चेन घट्ट होत नाही.

कळवा_जुना
बरं, दोन-स्ट्रोकला चेन नव्हती हे त्या कोलशेतकराचं खरं आहे. माझ्या जावयाच्या गाडीला आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला बदलून घ्या. पण मेकॅनिक "चालवा" का म्हणाला, याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही.

गॅरेजवाल्याचा_मुलगा
काका, बाबा पण म्हणतात कधीकधी. गिऱ्हाईक खर्चाचा आकडा ऐकून गप्प झालं की म्हणतात. त्याचा अर्थ घर ते ऑफिस चालवा, पैसे जमले की आणा. माळशेजला जा असा नसतो. मेकॅनिकला कुठे जाणार ते सांगून विचारायला हवं होतं.

वाघबीळ_रायडर
विचारलं आज. घाट म्हटल्यावर त्याचंही उत्तर बदललं. शनिवारी गाडी देतोय. तुमच्या ओरडण्यामुळे नाही, दांडा खरंच शेवटच्या दातावर आहे म्हणून. मुरबाडच्या पुढचा रस्ता कुणी सांगणार होतं का, की तो प्रश्न तसाच?

नेरुळ_स
आणि वहिनींना?

वाघबीळ_रायडर
सांगितलं. चिडली आहे. झालं समाधान?

डिलिव्हरी_ऐरोली
सरळगावपर्यंत ठीक होता परवा. टोकावड्याच्या आधी टाकी भरून घ्या. घाटात दरडीच्या बाजूला गाडी उभी करू नका, फोटोसाठी पण. आणि त्या मुलाच्या बाबांचं गॅरेज कुठे आहे? रात्री उशिरा गाडी घेऊन सकाळी देत असतील तर मला सांगा.