लडाखमधील मे महिना: डोंगरावर बर्फ असूनही ओढ्याला पाणी का नसते?

प्रश्न (शिक्षिका, गुहागर)

नमस्कार. शाळेला सुट्टी लागल्यावर, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, आम्ही घरची मंडळी श्रीनगरहून कारगिलमार्गे लेहला आणि तेथून पुढे नुब्रा खोऱ्यात जाण्याचा विचार करीत आहोत. माझा भाचा रस्त्यांच्या कामानिमित्त लेहजवळ राहतो. त्याच्याकडून जे कळते त्याचा मेळ मला लागत नाही. एके दिवशी तो म्हणतो की उन्हाने कातडी भाजते आहे, दुसऱ्या दिवशी खिंडीत बर्फ पडून रस्ता बंद झालेला असतो, आणि याच दिवसांत गावातील शेतकरी मात्र पेरणीसाठी पाण्याची वाट पाहत असतात.

लेहला वर्षभरात सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस आणि बर्फ पडतो, असे मी वाचले आहे. आमच्याकडे जुलैतील एखाद्या दिवसात तेवढा पडून जातो. इतक्या कोरड्या प्रदेशात वसंतातील हवा एवढी अस्थिर का असते, आणि समोर बर्फाचे डोंगर दिसत असताना पाण्याची टंचाई का होते, हे कोणी नीट समजावून सांगेल का? त्यावरून प्रवासाचे दिवस व वेळा ठरवता येतील.

उत्तर १ (निवृत्त भूगोल शिक्षक, रत्नागिरी)

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर पश्चिमी विक्षोभांत आहे. भूमध्य समुद्र व कॅस्पियन समुद्राच्या परिसरात तयार होणारे हे हवेचे विक्षोभ उंचावरील पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण आणि अफगाणिस्तान ओलांडून हिमालयावर येतात, आणि लडाखला हिवाळ्यात व वसंतात मिळणारे बर्फ मुख्यतः त्यांचेच असते. आपला मोसमी पाऊस हिमालयाच्या मुख्य रांगेने अडवला जातो, म्हणून लडाख पर्जन्यछायेत राहते; विक्षोभांचेही बरेचसे बर्फ पीर पंजाल आणि मुख्य हिमालयावर पडून जाते आणि उरलेले थोडे पलीकडे पोहोचते. मुख्य रांगेला लागून असलेल्या द्रास गावाला भरपूर बर्फ आणि लेहला अगदी थोडे, असे होण्याचे कारण हेच.

एप्रिल-मेमध्ये विक्षोभांची संख्या कमी होऊ लागते, पण ते थांबत नाहीत. त्याच वेळी विरळ हवेतून येणाऱ्या प्रखर उन्हाने जमीन तापू लागलेली असते. खाली तापलेली जमीन आणि वर विक्षोभाने आणलेली थंड हवा अशी स्थिती आली की दुपारी ढग उभे राहतात, दरीत जोराचा वारा सुटतो आणि वरच्या खिंडींत बर्फ पडते. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि नुब्राच्या वाटेवरची खारदुंग ला ही खिंड सुमारे ५,३५० मीटरवर. दर हजार मीटरला साडेसहा अंश धरले तरी खिंडीतले तापमान लेहपेक्षा बारा अंशांनी कमी निघते. म्हणून लेहच्या बाजारात स्वेटर काढावा लागत असताना खिंडीत हिमवर्षाव चालू असणे यात काहीही विसंगती नाही.

उत्तर २ (फळबाग विषयाच्या अभ्यासक, दापोली)

पाण्याच्या प्रश्नावर मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण तेथील शेतकऱ्याची खरी चिंता तीच असते आणि प्रवासवर्णनांत तिला क्वचितच जागा मिळते.

कोकणात आभाळ भरून आले की वहाळाला पाणी वाढते. लडाखमध्ये मे महिन्यात आभाळ भरून आले की ओढ्याचे पाणी घटते. तेथील ओढे वितळत्या बर्फावर चालतात आणि बर्फ वितळवण्याचे मुख्य काम ऊन करते, त्यामुळे ढगाळ, थंड आठवडा गेला की कालवे आटतात. नव्याने पडलेले बर्फ या अडचणीत भरच घालते. ताजे पांढरे बर्फ आपल्यावर पडलेल्या उन्हाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग परत फेकते, तर जुने, धुळीने मळलेले बर्फ बरेचसे ऊन शोषून घेते. म्हणून वादळानंतर प्रथम वितळणे मंदावते, आणि मग आकाश निवळून सलग काही दिवस ऊन पडले की पाणी एकदम येते.

दुसरी गोष्ट उंचीची. गावांजवळच्या उतारांवर हिवाळ्यात पडलेले बर्फ मुळातच पातळ असते. हवा इतकी कोरडी की त्यातले बरेचसे पाणी न होताच वाफ होऊन उडून जाते, आणि उरलेले वसंताच्या आरंभीच संपते. ताई, तुम्हाला जे बर्फाचे डोंगर दिसतील त्यांच्यावरील हिमनद्या बहुतेक पाच हजार मीटरच्या वर आहेत. त्या जूनच्या सुमारास मोकळेपणाने पाणी देऊ लागतात. जव आणि गव्हाची पेरणी मात्र एप्रिल-मेमध्ये करावी लागते, कारण उन्हाळा छोटा असतो आणि बहुतेक ठिकाणी वर्षाला एकच पीक निघते. या मधल्या आठवड्यांत कोणाच्या शेताला केव्हा पाणी द्यायचे हे गावाने नेमलेला चुरपोन ठरवतो आणि त्याचा शब्द पाळला जातो.

ही मधली पोकळी भरून काढण्यासाठी चेवांग नोर्फेल या अभियंत्यांनी कृत्रिम हिमनद्या उभारल्या. हिवाळ्यात वाया जाणारे ओढ्याचे पाणी सावलीतल्या उतारावर वळवायचे, दगडी बांधांनी त्याची गती मंद करायची आणि थरावर थर गोठू द्यायचे, अशी ती पद्धत आहे. हे बर्फ नैसर्गिक हिमनदीपेक्षा खूप खाली आणि गावाजवळ असल्यामुळे नेमके पेरणीच्या वेळी वितळते. नोर्फेल यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांचे हिमस्तूपही हेच साधतात: वरून नळाने आणलेले पाणी स्वतःच्या दाबाने कारंज्यासारखे उडते, कडाक्याच्या थंडीत गोठते आणि त्याचा शंकू तयार होतो. बर्फाच्या मानाने शंकूचा उन्हात उघडा राहणारा पृष्ठभाग कमी असल्याने तो सावकाश वितळतो आणि शेतकऱ्याला वसंतात हळूहळू पाणी मिळत राहते.

जर्दाळूचेही सांगावेसे वाटते. सखल खोऱ्यांत एप्रिलमध्ये तो फुलतो, आणि त्याच सुमारास विक्षोभ येऊन नंतरच्या निरभ्र रात्री पारा शून्याखाली गेला की फुलातले कोवळे बीजकोष करपतात. अवकाळी पावसाने मोहोर गळताना पाहिलेल्या आपल्या बागायतदारांना हे दुःख वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तुम्ही जाल तेव्हा फुले ओसरलेली असतील, पण झाडांना फळ धरले आहे का, हे तेथील लोकांना अवश्य विचारा.

उत्तर ३ (निवृत्त सैनिक, सावंतवाडी)

वरच्या दोन्ही उत्तरांत जे आले आहे त्याचा प्रवासाशी थेट संबंध आहे. बर्फ दिवसा वितळते आणि रात्री गोठते, त्यामुळे रस्ता आडवा कापणाऱ्या ओढ्यांना पहाटे सर्वांत कमी पाणी असते आणि दुपारनंतर ते चढत जाते. सकाळी घोटाभर असलेला नाला संध्याकाळी गाडी अडवू शकतो. बर्फाच्या उतारांचेही तसेच आहे: उन्हाने वरचा थर ओला व जड होतो आणि दुपारी घसरतो. नवीन बर्फ पडल्यानंतरचे पहिले उन्हाचे दिवस विशेष धोक्याचे असतात, कारण जुन्या कठीण थरावर नवा थर अजून बसलेला नसतो. आकाश निळे झाले म्हणून लगेच निघण्याचा मोह तेव्हा टाळावा.

श्रीनगरच्या बाजूने सोनमर्गपर्यंतचा प्रवास जानेवारी २०२५ मध्ये बोगदा सुरू झाल्यापासून पुष्कळ सुकर झाला आहे. त्यापुढील झोजी ला ही खिंड मात्र, तेथील बोगद्याचे काम पूर्ण होईपर्यंत, हवामानाच्याच हाती आहे. सीमा रस्ते संघटनेचे लोक रस्ता खुला ठेवण्यासाठी राबत असतात, पण एका रात्रीच्या बर्फाने वाहतूक थांबते. गाड्या कोणत्या दिशेने व किती वाजता सोडायच्या हे प्रशासन परिस्थिती पाहून ठरवते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही सोनमर्गला एक मुक्काम आणि लेहला परतीच्या आधी एक मोकळा दिवस ठेवावा का? बरोबर माझ्या सासूबाईही आहेत, म्हणून विचारते.

उत्तर (निवृत्त सैनिक, सावंतवाडी)

ताई, सोनमर्गला एकाऐवजी दोन रात्रींची सोय धरा. खिंड उघडी मिळाली तर दुसरी रात्र कारगिलला वापरता येईल. लेहला पोहोचल्यावर सासूबाईंना निदान दोन दिवस पूर्ण विश्रांती द्या आणि त्यानंतरच खारदुंग ला चढा, तेही सकाळी लवकर निघून दुपारच्या आत नुब्रा खोऱ्यात उतरता येईल अशा बेताने. परतीचे विमान असेल तर सकाळचे घ्या, कारण दुपारी तेथे वारा वाढतो आणि तापलेली विरळ हवा उड्डाणाला अनुकूल राहत नाही. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हवामान विभागाचा लडाखचा अंदाज पाहा आणि भाच्याला एवढेच विचारा की गेल्या दोन दिवसांत वर बर्फ पडले का. पडले असेल, तर एक दिवस थांबा.