चांदीच्या नोटेचे मोडीत पैसे कमी का येतात?
धनत्रयोदशीला घेतलेली चांदीची नोट मोडताना निम्मेच पैसे हाती आले, या आपल्या तक्रारीचे मूळ तिच्या जाडीत आहे. पाचशेच्या नोटेएवढ्या, म्हणजे ६६ बाय १५० मिलिमीटरच्या पत्र्यात ५ ग्रॅम चांदी घातली, तर जाडी मिलिमीटरच्या जेमतेम विसाव्या भागाइतकी भरते. तो हाताळताच चुरगळेल, म्हणून प्लास्टिकच्या पाकिटात बंद असतो. इंदूरच्या सराफ्यात मी अशी नोट तोलायला सांगितली, तेव्हा दुकानदाराने ती पाकिटासकटच काट्यावर ठेवली! घडणावळ, छपाई आणि पाकीट यांचे पैसे मोडीत बुडतातच. शिवाय चांदीला हॉलमार्क सक्तीचा नसल्याने, नुसत्या छापील ९९९ वर, म्हणजे ९९.९ टक्के शुद्धतेच्या आकड्यावर, विसंबण्यापेक्षा पावतीवर निव्वळ वजन आणि शुद्धता लिहून घ्यावी.