मदत हवी आहे : २०२१ ची चिपटंचाई मुलांना कशी समजवावी?

नमस्कार मंडळी. मी बारावीला अर्थशास्त्र शिकवते. महामारीनंतर जग सावरत असतानाच मालाचा तुटवडा का पडला, हे गाड्यांमधल्या चिपवरून समजवायचं आहे.

२०२० मध्ये वाहन कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या आणि चिप कारखान्यांची ती क्षमता लॅपटॉप-फोनच्या चिपकडे वळली. गाड्यांची मागणी लवकर परतली, पण चिप मिळेनात. त्यात चिप कारखान्यांवर एकामागोमाग संकटं आली: फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत टेक्सासची हिमलाट, मार्चमध्ये जपानात रेनेसास या चिप कंपनीच्या कारखान्याला आग, पुढे मलेशियातले कोरोनाचे निर्बंध. सप्टेंबरमध्ये उत्पादन नेहमीच्या ४० टक्क्यांवर येईल, असं मारुतीनेच जाहीर केलं होतं. इथवर मुलांना पटतं.

अडतं ते पुढे. अमेरिकेत महागाई जून २०२२ मध्ये ९.१ टक्क्यांवर गेली. त्यात तुटवड्याचा वाटा किती आणि सरकारने लोकांच्या हाती दिलेल्या पैशाचा किती, हे सोपं करून कसं मांडावं? सगळं खापर टंचाईवर फोडणं मला पटत नाही.

आणि चाकण-भोसरीत सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तेव्हा कुणी होतं का? ऑर्डरी कशा बदलायच्या, तयार माल पडून राहायचा का, कंत्राटी कामगारांच्या पाळ्यांचं काय झालं? पाठ्यपुस्तकात हे नाही. दोन-चार ओळी लिहिल्यात तरी खूप उपयोग होईल.