जुन्या सीडीतलं फ्लॅश अ‍ॅनिमेशन गचके खातंय, आवाज पुढे पळतोय

क्लासवाला_दादर
दहावीच्या विज्ञानाच्या जुन्या मराठी सीडीतल्या एसडब्ल्यूएफ (म्हणजे फ्लॅश अ‍ॅनिमेशनच्या) फायली क्लासमध्ये दाखवायच्या आहेत. मशीन कोअर टू ड्युओ, ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज १०. क्रोममध्ये रफलचं (फ्लॅश प्लेअरशिवाय फ्लॅश फायली चालवणारा प्रोग्रॅम) एक्स्टेन्शन टाकलंय. साध्या आकृत्या चालतात, पण रक्ताभिसरणाचा धडा लावला की हृदय अडखळतं, निवेदन पुढे निघून जातं, फुलस्क्रीनला पंखा बोंबलतो. मराठी मथळ्यांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा. मेनूतून धडा उघडला तर पांढरा पडदा. वैताग आलाय. खरा फ्लॅश प्लेअर कुठे मिळेल? की लॅमिंग्टन रोड गाठून नवीन मशीनच घ्यावं?

पिक्सेलकाका
प्लेअर शोधू नका. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लगिन स्वतःच फायली चालवायला नकार देतं. क्रोम ८८ आणि फायरफॉक्स ८५ पासून तर ते ब्राउझरमधूनच गेलं. आज 'फ्लॅश अपडेट करा' म्हणणारी साइट दिसली की व्हायरस समजा.

सीडीत ईएक्सई (डबल क्लिक केली की थेट चालणारी फाइल) आहे का ते आधी बघा. असेल तर प्लेअर त्यातच बांधलेला असतो आणि त्याला ही मुदत लागू नाही. तुमच्या मशीनला तोच जास्त मानवेल. तो सगळं चित्र प्रोसेसरवर काढतो आणि त्या काळच्या प्रोसेसरचा विचार करूनच बनलाय. रफलला बऱ्यापैकी ग्राफिक्स चिप लागते. ती नसली की तेच काम प्रोसेसरवर पडतं, वर ब्राउझरचं ओझं.

मग स्क्रीनचं रिझोल्यूशन कमी करा. १९२०×१०८० म्हणजे जवळपास २०.७ लाख पिक्सेल, ८००×६०० म्हणजे ४.८ लाख. फुलस्क्रीनला प्रत्येक फ्रेममध्ये चौपट काम. शिवाय राइट क्लिक करून क्वालिटी 'लो' करा. कडा थोड्या करवती दिसतील, मागच्या बाकावरून कळणार नाही.

टाइमलाइन_ताई
आवाजाचं कारण वेगळं आहे. फ्लॅशमध्ये आवाज दोन प्रकारे लावतात. 'स्ट्रीम' आवाज टाइमलाइनला, म्हणजे चित्रांच्या (फ्रेमच्या) क्रमाला, बांधलेला असतो, मशीन मागे पडलं तर प्लेअर फ्रेम गाळतो पण आवाजाशी जुळवून घेतो. 'इव्हेंट' आवाज एकदा सुटला की स्वतःच्या गतीने संपतो, चित्र मागे राहिलं तर राहिलं. तुमचा धडा बहुतेक दुसऱ्या प्रकारचा. फाइलची प्रत काढून जेपीईएक्सएस डीकंपायलरमध्ये (एसडब्ल्यूएफच्या आत काय आहे ते दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा. साउंडस्ट्रीमब्लॉक टॅग दिसले तर स्ट्रीम, नुसते डिफाइनसाउंड आणि स्टार्टसाउंड असतील तर इव्हेंट.

इव्हेंट निघाला तर फ्रेम रेट कमी करायचा मोह टाळा. २४ चा १२ केलात तर चित्र दुप्पट वेळ घेईल, आवाज तेवढाच राहील, घोळ वाढेल. भार कमी करायला ब्लर आणि ग्लो फिल्टर काढा. हृदयाभोवतीची चमक गेल्याने धड्याचं काही अडत नाही.

मथळ्यांचं म्हणाल तर फॉन्ट फाइलमध्ये एम्बेड केलेला (आतच साठवलेला) नाही. तेव्हा श्रीलिपीसारखे युनिकोडच्या (आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेताच्या) आधीचे फॉन्ट वापरत, त्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. म्हणून मंगलसारखा युनिकोड फॉन्ट टाकून उपयोग नाही, नेमका त्याच नावाचा फॉन्ट विंडोजमध्ये हवा. सीडीत फॉन्टचा फोल्डर असतो बऱ्याचदा.

क्लासवाला_दादर
ईएक्सई सापडला, फॉन्टही होता, मथळे आले. धन्यवाद ताई. पण एका धड्याचा ईएक्सई नाही, नुसती एसडब्ल्यूएफ आहे, आणि तिथे पांढरा पडदा तसाच.

पिक्सेलकाका
ती फाइल बाजूच्या दुसऱ्या फायली उघडत असणार. थेट डिस्कवरून उघडलेल्या पानाला ब्राउझर हे करू देत नाही. पूर्ण सीडी हार्ड डिस्कवर उतरवा, फोल्डरची रचना आणि नावं जशीच्या तशी ठेवा आणि रफलच्या डेस्कटॉप आवृत्तीत उघडा. ती इतर फायली वाचायची परवानगी विचारेल, द्या. तरीही अडलं तर फाइलमध्ये अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ (फ्लॅशच्या प्रोग्रॅमिंग भाषेची नवी आवृत्ती) आहे का बघा. २००६ च्या फ्लॅश ९ पासून ती आली, रफलमध्ये जुन्या स्क्रिप्ट जास्त भरवशाने चालतात.

आणि फाइल डीसीआर किंवा डीएक्सआर असेल तर ती फ्लॅश नाहीच, शॉकवेव्ह हे वेगळंच तंत्र आहे. रफल तिला हात लावत नाही.

टाइमलाइन_ताई
तुमच्या मशीनवर डेस्कटॉप रफल सुरूच झालं नाही, तर तो एक धडा बऱ्या लॅपटॉपवर चालवून ओबीएसने (स्क्रीन रेकॉर्ड करणारा प्रोग्रॅम) एमपी४ व्हिडिओ रेकॉर्ड करून घ्या. ८००×६००, २५ फ्रेम पुरे. फक्त त्यात क्लिक करून सोडवायचे प्रश्न असतील तर ते व्हिडिओत चालणार नाहीत, ते वेगळे छापून द्यावे लागतील.