आर-टू-डी-टूची प्रतिकृती: निळा रंग प्लास्टिकसारखा, पांढरा रंग सुरकुतलेला. काय चुकले असावे?

कासारवडवलीकर:

नमस्कार. १९७७ सालच्या 'स्टार वॉर्स'मधील आर-टू-डी-टू या यंत्रमानवाची मूळ आकाराची, म्हणजे सुमारे १०९ सेंमी उंचीची प्रतिकृती मी वर्षभरापासून घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सदनिकेत बनवत आहे. सांगाडा प्लायवुडच्या गोल कड्यांचा आहे आणि त्यावर ३ मिमी जाडीचा पीव्हीसी फोम बोर्ड, ज्याला आपल्याकडे सर्रास सनबोर्ड म्हणतात, गुंडाळला आहे. डोक्याचा घुमट फायबरचा असून तो वागळे इस्टेटमधील एका कारागिराकडून करून घेतला आहे. डोळ्याभोवतीची कडी आणि इतर बारीक भाग पीएलए या प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केलेले आहेत.

जोडकाम मनासारखे झाले, परंतु रंगकामाने माझी परीक्षा पाहिली. पायांना ब्रशने पांढऱ्या सिंथेटिक इनॅमलचे दोन हात दिले आणि तिसऱ्या दिवशी त्यावर लॅकरचा स्प्रे मारला, तर दहा मिनिटांत सगळा पृष्ठभाग शिळ्या दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. घुमटावरच्या निळ्या पट्ट्या चंदेरी रंगावर निळे इनॅमल देऊन केल्या, त्या धातूच्या न दिसता प्लास्टिकच्या बादलीसारख्या दिसतात. शिवाय जुलैत मारलेल्या लॅकरवर पांढुरकी झाक आली आहे आणि प्रिंट केलेल्या भागांवरच्या रेषा रंगाखालूनही स्पष्ट दिसतात. सगळे खरवडून पुन्हा सुरुवात करावी लागेल का?

ऐरोलीचा रंगारी:

मी बरीच वर्षे गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या कामात काढली आहेत, त्यामुळे तुमच्या यंत्रमानवाविषयी मला फारशी माहिती नसली, तरी त्याच्या अंगावरचे दुखणे ओळखीचे आहे. सिंथेटिक इनॅमल हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू पक्के होते. हाताला कोरडे लागले तरी आतून ते कित्येक दिवस कच्चेच असते. त्यावर एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर मारले की त्यातील तीव्र थिनर खाली झिरपतो, कच्चा थर फुगतो आणि वर उचलला जातो. हा दोष कंपनीचा नाही की हाताचा नाही, तो केवळ क्रमाचा आहे. लॅकरवर पुढे इनॅमल चालते, उलट क्रम चालत नाही. पायांवरचा रंग मात्र पूर्ण काढावाच लागेल. पेंट रिमूव्हर वापरू नका, कारण तो सनबोर्डही खाईल. खरवणीने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा.

पांढुरकी झाक हा वेगळा प्रकार आहे. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि पावसाळ्यातील दमट हवेचे पाणी ओल्या लॅकरवर साचते. खाडीकाठी राहणाऱ्यांनी तर जून ते सप्टेंबर एनसीचा नाद सोडलेलाच बरा. अगदीच थांबता येत नसेल, तर सावकाश उडणारा रिटार्डर थिनर मिसळा आणि पावसाने उघडीप दिलेल्या दिवशी, दुपारी काम करा. झाक वरवरची असेल तर रिटार्डरचा अगदी हलका फवारा दिल्यावर ती पुष्कळदा निघून जाते, त्यामुळे तेवढा भाग खरवडण्याची घाई करू नका.

प्रिंटच्या रेषांसाठी रंगाकडून अपेक्षा ठेवू नये. रंग खड्डे भरत नाही, तो दाखवतो. आधी १२० आणि मग २२० नंबरने घासा, त्यावर हार्डनर घालून भिजवलेली, गाडीचे खड्डे भरायची लांबी (पुट्टी) पातळ पसरवा, ती घासल्यावर सरफेसर, म्हणजे रंगाखालचा गुळगुळीत करणारा थर द्या आणि ४०० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात घासा. एनसी पुट्टी फक्त टाचणीएवढ्या छिद्रांसाठी ठेवा. जाड भरली तर ती महिनाभर आक्रसत राहते आणि रंगानंतर पुन्हा खळगा दिसतो. पीएलए घासताना एकाच जागी जोर दिलात, तर घर्षणाच्या उष्णतेने ते मऊ होऊन पेपरला चिकटते.

नेरूळ सेक्टरवाला:

निळ्याविषयी थोडे लिहितो, कारण माझाही एक घुमट या पायी वाया गेला आहे. तुम्ही वापरलेले इनॅमल अपारदर्शक आहे, त्यामुळे खालची चांदी पूर्ण झाकली गेली. इथे प्रकाश निळ्या थरातून आत जाऊन चंदेरी तळावरून परतला पाहिजे, आणि त्यासाठी पारदर्शक निळा लागतो. मोटरसायकली रंगवणारे ज्याला कँडी रंग म्हणतात, तोच हा. प्रत्येक हातागणिक छटा गडद होते, म्हणून सगळ्या पट्ट्या एकाच बैठकीत, मोजून तितकेच हात देऊन रंगवाव्यात. एक पट्टी दुसऱ्या दिवसावर ढकललीत, तर ती जन्मभर वेगळी दिसेल. तळासाठी बारीक कणांची चांदी घ्या. आरशासारखा दिसणारा क्रोम स्प्रे मोह पाडतो, परंतु त्यावर दुसरा थर बसताच तो राखाडी पडतो.

चित्रपटातील दृश्ये थांबवून छटा जुळवू नका. अंतराळातील काही दृश्ये निळ्या पडद्यासमोर चित्रित केली होती आणि पडदा काढण्याच्या प्रक्रियेत यंत्रमानवाच्या निळ्या पट्ट्या काळ्या झाल्या. मी भाबडेपणाने तीच छटा प्रमाण मानली होती!

घणसोलीची वाचक:

दोनच गोष्टी. कँडीवर गाडीचा टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून द्यायचा पारदर्शक थर देणार असाल, तर त्याच्या हार्डनरमध्ये श्वासाला घातक असे आयसोसायनेट असते आणि कापडी मास्क त्यापुढे निरुपयोगी असतो. सदनिकेच्या गॅलरीत तो फवारू नका, पेंट बूथ असलेल्या गॅरेजमधून मारून घ्या. दुसरे असे की, पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते, त्यामुळे प्रदर्शनाला नेताना सुटे भाग उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नयेत.

कासारवडवलीकर:

सर्वांचे मनापासून आभार. काल उघडीप होती, म्हणून फायबरच्या टाकाऊ तुकड्यावर बारीक चांदी आणि त्यावर पारदर्शक निळ्याचे एक, दोन, तीन आणि चार हात असे चार पट्टे मारून पाहिले. तिसरा पट्टा उन्हात धरला की धातूचा भास होतो. चौथा मात्र पुन्हा बादलीकडे झुकतो. पायांचे खरवडणे सुरू केले आहे आणि पांढरा रंग ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलला आहे. तोवर गणपतीत पाहुण्यांना बिनरंगाचे पाय दिसू नयेत, म्हणून सौभाग्यवतींनी त्यांवर जुनी चादर घालण्याचा आदेश दिला आहे.

ऐरोलीचा रंगारी:

तिसऱ्या हातावरच थांबा. आणि चादर सुती घाला, कच्च्या सरफेसरला लोकर चिकटते.